ढोलकीवाल्यानं बिऱ्हाड कुठं करावं?

बीडच्या, लातूरच्या किंवा जळगावच्या एखाद्या गावातला विशीतला मुलगा उत्तम ढोलकी वाजवतो. हात मोकळा आहे, लय पक्की आहे, दोन-तीन तमाशाच्या फडांवर साथ करून झाली आहे आणि आता त्याला यावरच संसार उभा करायचा आहे. त्यानं बिऱ्हाड कुठं करावं? बहुतेक जण मुंबई म्हणतील. तिथं स्टुडिओ आहेत, वाहिन्या आहेत, सिनेमा आहे. थोडे लोक पुणे म्हणतील, कारण तिथं रसिक आहेत. मी पिंपरी-चिंचवड म्हणेन आणि पूर्ण विचारांती म्हणेन.

नाव ऐकून अनेकांना नवल वाटेल. रिक्षा, ट्रक आणि औषधं बनवणारं, पुण्याच्या सावलीत वाढलेलं शहर. त्याचा संबळ-हलगीशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. तो कळायला आधी मुंबईनं लोककलावंतांना खरोखर काय दिलं ते पाहावं लागतं, कारण त्याचं श्रेय आपण भलत्याच गोष्टीला देत आलो आहोत.

गेल्या शतकात मुंबईनं शाहीर घडवले, यात वाद नाही. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी निघालेले अण्णाभाऊ साठे याच शहरात शाहीर झाले. बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव साबळे मुंबईत शाहीर साबळे म्हणून नावारूपाला आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक इथं गिरणीत राबले आणि पुढं त्यांच्या भीमगीतांनी अवघा महाराष्ट्र जागा केला. रेडिओनं आणि रेकॉर्ड कंपन्यांनी यांतल्या अनेकांचा आवाज दूरवर नेला. पण त्याआधी त्यांना कोणी ऐकलं? चाळीतल्या गिरणी कामगारानं. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर आणि कोकणातून आलेला हा माणूस लालबाग-परळ-शिवडीच्या खोल्यांत दाटीनं राहत होता. गावच्या जत्रेत ऐकलेला ठेका त्याच्या कानात होता आणि महिन्याचा पगार त्याच्या हातात होता. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा लागला की पाळी संपवून तो तिथं जायचा. चाळीच्या पटांगणात भजनाची डबलबारी रंगायची, गणपतीत कलापथकांचे कार्यक्रम व्हायचे, आणि वर्गणी देणाराही तोच असायचा. ओळखीचा कान आणि नियमित पगार या दोन गोष्टी एकाच वस्तीत एकत्र आल्या, म्हणून मुंबईत लोककलेवर पोट भरता आलं. बाकी सगळं त्या पायावर चढलेलं होतं.

हे फक्त मराठी कलावंतांपुरतं खरं नाही. गोव्याचं कोंकणी तियात्र 17 एप्रिल 1892 रोजी रंगभूमीवर आलं ते मुंबईत. पोटासाठी गोव्याहून आलेली माणसं आपापल्या गावच्या कुडांमध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहत होती आणि त्यांना आपल्या भाषेतलं, आपल्या गाण्याचं काहीतरी हवं होतं. ते मुंबईत जन्मलं आणि मग गोव्याला गेलं. गावची कला शहरात रुजते ती अशी, गाव सोडून आलेल्या माणसांच्या आधारानं. शहरातल्या उच्चभ्रू रसिकतेनं ती क्वचितच रुजवली आहे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचा रोजगारावर, राजकारणावर काय परिणाम झाला याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. लोककलेचा सर्वांत मोठा पगारदार श्रोतृवर्ग त्या काही वर्षांत विखुरला, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, कामगारांची पुढची पिढी नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूरला गेली. शंभरी गाठलेलं परळचं दामोदर नाट्यगृह, जिथं कोकणातल्या मंडळांचे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम होत, तेही 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं.

कोकणातल्या कलावंताचं गणित आजही मुंबईशीच जुळतं, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा चाकरमानी मुंबईच्या उपनगरांत अजून घट्ट आहे. त्याची गावकीची मंडळं आहेत, ती नाट्यगृहं भरवतात. जाखडीचा शाहीर किंवा नमनातला मृदंगी मला विचारायला आला तर मी त्याला दिवा-डोंबिवलीकडेच बोट दाखवीन. पण मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, सोलापूर-नगरकडच्या वादकासाठी ते उत्तर उरलेलं नाही. त्याची माणसं तिकडे गेलेली नाहीत.

राहिला स्टुडिओ. तिथं ढोलकी किंवा हलगी एका गाण्यासाठी, काही तासांसाठी बोलावली जाते. अनेकदा तीही बोलावली जात नाही, कारण संगणकात साठवलेले तिचे बोल हव्या त्या लयीत जोडता येतात. जे काम उरतं ते नाव कमावलेल्या मोजक्या वादकांकडे जातं आणि ते स्वाभाविकच आहे. पारंपरिक चालीचा धनी कोणी नसतो, त्यामुळे गाणं कितीही गाजलं तरी ती चाल पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घराला त्यातलं काही मिळत नाही. अशा कामाच्या आशेवर नालासोपाऱ्याहून अंधेरीपर्यंत रोज लोकलनं धडका देणं हा वीस वर्षांच्या मुलासाठी व्यवसाय होऊ शकत नाही. काम आलं तर जावं, जरूर जावं. त्यासाठी तिथं राहायची गरज नाही.

पुण्याबद्दल थोडं सांगतो. 1968 साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचे कार्यक्रम अनेक वर्षं गर्दी खेचत आले आहेत, आर्यभूषणसारखं तमाशाचं थिएटरही याच शहरात आहे. पण शहराचा मुख्य कान अभिजात संगीताकडे आणि नाटकाकडे लागलेला. ढोल-ताशा पथकांमुळे वाद्यवादनाला पुण्यात मोठी प्रतिष्ठा मिळाली, पण त्यात वाजवणारे बहुतेक जण हौसेनं, बिनपैशानं वाजवतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. तरीही त्यांच्या समाधानाची किंमत कोणीतरी वेगळाच मोजतो. हलगी, ताशा, सनई ज्यांच्या घरात पोटाचं साधन होतं त्या मातंग, होलार आणि इतर समाजांतल्या वादकांचं गणपतीतलं हक्काचं काम त्यामुळे आटलं. मिरवणुकीत फुकट वाजवणारे शंभर हात असताना पैसे मागणाऱ्या पाच जणांच्या ताफ्याला मंडळ कशाला विचारेल? ज्या शहरात वाजवणं ही हौस म्हणून मानाची ठरते तिथं तेच काम मजुरी म्हणून मागणाऱ्याची अडचण होते.

कुठल्या गावात लोककलेचा व्यवसाय खरोखर चालतो हे पाहायचं असेल तर मोठी शहरं सोडून तीन छोट्या गावांकडे बघावं लागेल.

पहिलं नारायणगाव. जुन्नर तालुक्यातल्या या गावाला तमाशा पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक इथं राहुट्या टाकतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुट्यांतून फिरतात, फडाचं नाव, वग, कलावंत विचारतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. नारळ-विडा झाला की तारीख पक्की. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या हंगामातला कमाईचा काळ इथल्या राहुट्यांत ठरतो. नारायणगावात तमाशाचे खेळ महाराष्ट्रात सर्वांत जास्त होतात असं मुळीच नाही. तिथं काम ठरतं, म्हणून त्याचं महत्त्व.

दुसरं वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांची कार्यालयं या गावात आहेत. धान निघालं, दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या गावांतून मंडळं वडशाला येऊन नाटक ठरवून जातात. रात्रभर नाटक चालतं आणि रंगमंचाशेजारी वादक प्रत्यक्ष बसून वाजवतात. शासनाच्या मोठ्या मदतीशिवाय, वाहिन्यांच्या कौतुकाशिवाय ही रंगभूमी उभी आहे. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रानं नकाशात वडसा शोधलं असेल, पण तिथले वादक त्याच्या कितीतरी आधीपासून हंगामाच्या कमाईवर घर चालवत होते.

तिसरं गाव आळंदी, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकण्याजोगं. जोग महाराजांनी 1917 मध्ये इथं वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यानंतर कितीतरी संस्था, मठ, आश्रम उभे राहिले. मराठवाड्यातली, विदर्भातली शेतकऱ्यांची मुलं इथं येतात, माधुकरी मागून किंवा संस्थेत जेवून शिकतात, मृदंग, गायन, कीर्तन यांत तयार होतात. शिकता शिकताच एखाद्या महाराजांबरोबर टाळकरी म्हणून सप्ताहाला जातात. मग चाली म्हणायला उभं राहतात. मग मृदंगाचार्य किंवा गायनाचार्य म्हणून त्यांचं नाव पत्रिकेत छापलं जातं. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांचं जाळं एवढं दाट आहे की एका सप्ताहाकडून दुसऱ्या सप्ताहाकडे जात वादकाचं वर्ष भरतं. शिकायची जागा, राहायची सोय, जुन्या जाणत्याच्या मागं उभं राहून काम बघायची संधी आणि बिदागी देणारी गावं, हे सगळं एका धाग्यात ओवलेलं आहे. तमाशाच्या ढोलकीपटूला किंवा गोंधळ्याला असं काही कधीच मिळालं नाही. त्यात प्रतिष्ठेचा फरकही आहे आणि तो जातीशी जोडलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मृदंग वाजवणाऱ्या मुलाला गावात ‘महाराज’ म्हणतात. हलगी वाजवणाऱ्याला अजून ओट्याखाली बसवणारी गावं आहेत.

आता नकाशा समोर ठेवा. आळंदी आणि देहू ही दोन्ही गावं पिंपरी-चिंचवडला लागून आहेत. नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरूनगर, मंचर करत नारायणगावला जातो, अंतर 60-65 किलोमीटर. चौफुल्याची लावणीची कलाकेंद्रं सोलापूर रस्त्यावर, जेजुरी सासवडच्या पुढं, दोन्ही ठिकाणी जाऊन रात्रीत परत येता येतं. पुणे स्टेशन लोकलच्या टप्प्यात आहे. मुंबईला सकाळी जाऊन, रेकॉर्डिंग करून रात्री घरी परतता येतं. लोककलेची कामं जिथं ठरतात, जिथं शिकवली जातात आणि जिथं खेळली जातात, त्या सगळ्या जागांच्या मधोमध हे शहर बसलं आहे.

शिवाय ज्या श्रोत्यानं मुंबईत शाहीर उभे केले, त्याचा आजचा भाऊबंद इथंच राहतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, नंतर टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागं शेकडो लघुउद्योग. ज्या 1982 मध्ये गिरण्यांचे भोंगे थांबले त्याच साली इथं महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाखांवर होती आणि त्यानंतर मोशी, चिखली, रावेत, ताथवडे भागांत ती कशी वाढली ते डोळ्यांनी दिसतं. ही माणसं आली कुठून? लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, सोलापूर, जळगाव, धुळे, बुलढाणा, यवतमाळ. कंपनीत, गोदामात, बांधकामावर, रिक्षावर काम करणारी, महिन्याला पगार घेणारी आणि कानात गावचा ठेका असलेली.

एका वादकाचं वर्ष या शहरात कसं जाऊ शकतं ते सविस्तर मांडतो, कारण माझा सगळा मुद्दा या बारा महिन्यांवर उभा आहे. चैत्रात शहरातल्या आणि लगतच्या जुन्या गावांच्या यात्रा. भोसरी, चिखली, वाकड, हिंजवडी ही आता फ्लॅटच्या आणि आयटी कंपन्यांच्या नावानं ओळखली जातात, पण गावठाणातला देव जागेवर आहे आणि त्याची यात्रा चुकत नाही. हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड आजही निघतं. इथल्या मूळ ग्रामस्थांच्या हाती जमिनीचा पैसा आला आहे आणि यात्रेला नामांकित फड आणणं हा गावाच्या अब्रूचा विषय आहे. एप्रिलमध्येच फुले आणि आंबेडकर जयंती. पिंपरीत भीमगीतांचे, शाहिरीचे जलसे होतात, पालिका स्वतः प्रबोधन पर्व भरवते आणि वस्त्यावस्त्यांतले कार्यक्रम मे महिना उलटेपर्यंत चालू राहतात. लग्नसराई त्याला जोडूनच. लग्नानंतरचा जागरण-गोंधळ शहरात आलेल्या कुटुंबांनी सोडलेला नाही. गावी जायला रजा मिळत नाही म्हणून तो इथंच सोसायटीच्या पार्किंगमध्ये घातला जातो आणि संबळ, दिमडी, तुणतुणं घेऊन गोंधळी बोलवावा लागतो. ज्येष्ठ-आषाढात दोन्ही पालख्या या परिसरातून निघतात, तुकोबांच्या पालखीचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीत असतो. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते, अहिराणी गाणी म्हणणाऱ्यांना मागणी येते. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती. भाद्रपदात गणपती, मग नवरात्रात देवीचा गोंधळ, आराधी मेळे. दसऱ्याला फड बाहेर पडतात. कार्तिकात आळंदीची वारी, मार्गशीर्षात चंपाषष्ठी आणि सप्ताह, फेब्रुवारीत शिवजयंतीचे पोवाडे, फाल्गुनात देहूला तुकाराम बीज.

एवढ्या निरनिराळ्या परंपरांना पैसे देऊन बोलावणारी माणसं महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या शहरात एवढ्या जवळजवळ राहतात? कोल्हापूरची शाहिरी तेजस्वी आहे, पण तिथला पोशिंदा मुख्यतः कोल्हापूर परिसरातलाच. नाशिक जवळपास पोहोचतं. छत्रपती संभाजीनगरला मराठवाड्याचा आधार आहे, पण खानदेश, सोलापूर आणि मावळ एकत्र मिळत नाहीत. फडाबरोबर हंगामभर फिरणाऱ्या वादकाला पावसाळ्यात जे रिकामे महिने काढावे लागतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पुढच्या हंगामाला बांधून घ्यावं लागतं, ते टळायचं असेल तर निरनिराळ्या देवांचा आणि निरनिराळ्या जिल्ह्यांचा महिना इथं जोडता यायला हवा. लोककलावंताला उचल जितकी पोखरते तितकं दुसरं काहीच पोखरत नाही. ती ज्या शहरात टाळता येईल ते त्याचं शहर.

एवढं असूनही आज पिंपरी-चिंचवडला जाऊन ढोलकीवाल्याचं भागेलच असं मी म्हणणार नाही. या शहरात गाण्या-वाजवण्यावर पैसा मोप खर्च होतो, पण तो वादकापर्यंत पोहोचत नाही. वाढदिवस, दहीहंडी, उद्घाटनं, सगळीकडे लावणीच्या नावाखाली ट्रॅकवर नाच होतो. नर्तिका येते, सोबत एक माणूस पेनड्राइव्ह घेऊन येतो, ढोलकी स्पीकरमधून वाजते. वादकांचा संच वगळला की आयोजकाचे पैसे वाचतात आणि प्रेक्षकांना फरक कळेनासा होत जातो. हे असंच चाललं तर पुढच्या पिढीला नर्तिकेच्या पायाला उत्तर देणारी ढोलकी ऐकायलाच मिळणार नाही. सवाल-जवाबाचा प्राणच तो आहे. ट्रॅक उत्तर देऊ शकत नाही.

दुसरी अडचण रात्री दहाची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, एवढीच सवलत राज्य देऊ शकतं. नियम योग्य आहेत, आजाऱ्यांना, परीक्षेच्या मुलांना झोप हवी. पण तमाशाचा वग आणि जागरण ही रात्रीची कला आहे, ती दहाला आवरली की गण, गौळण होऊन वगाला हात लागायच्या आत माइक बंद होतो. यावर उपाय नियम मोडणं हा नाही. वस्तीपासून दूर, आवाज अडवणाऱ्या भिंतींचं बंदिस्त तमाशागृह बांधणं हा आहे. नियमांत बंदिस्त सभागृहांना वेगळी वागणूक आहेच. ज्या शहराला नाट्यगृहांवर खर्च करता येतो त्याला हे अशक्य नाही. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर, एवढी पालिकेची नाट्यगृहं असलेलं हे शहर आहे. 100 वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी 2024 मध्ये याच शहरात झालं. नाटकासाठी जे केलं ते तमाशासाठी का करू नये?

तिसरी अडचण घराची, आणि ती बायकांच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. लावणी कलावंत म्हटलं की घरमालक दार लावतो. रात्री दोनला गाडीतून उतरणाऱ्या बाईकडे सोसायटीतले लोक कसे बघतात ते कुठल्याही कलावंतिणीला विचारा. म्हणून तिला कलाकेंद्रातच राहावं लागतं, म्हणजे मालकाच्या ओंजळीनंच पाणी प्यावं लागतं, आणि तिच्या मुलांना शाळेत पत्ता सांगायची लाज वाटते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार द्यावाच, पण पंचविशीतल्या कलावंत बाईला भाड्याचं घर मिळवून देणारी एक यंत्रणा त्या पुरस्काराइतकीच मोलाची आहे. नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं असतात. लावणी हीही नोकरीच आहे. पालिकेच्या घरकुलांत आणि भाड्याच्या घरांत कलावंत कुटुंबांसाठी ठरावीक वाटा ठेवला तर याच एका गोष्टीनं शेकडो बायका कलाकेंद्राच्या बांधिलकीतून सुटतील. शासनाचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आता महिना 5,000 रुपये आहे, ते मिळतं पन्नाशीनंतर. त्याचा उपयोग आहेच. मात्र ते थकलेल्या माणसाला आधार देतं, कामाच्या वयातल्या माणसाला उभं करत नाही.

मग या शहरानं काय करावं? माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. पालिकेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक लोककलेच्या कार्यक्रमात वादक प्रत्यक्ष वाजवणारे असावेत, ट्रॅकला मनाई असावी. एवढ्या एका अटीनं कितीतरी संचांना वर्षभराची कामं मिळतील आणि खाजगी आयोजकांनाही तुलनेसाठी खरा आवाज ऐकायला मिळेल. पालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यांतल्या काही खोल्या तालमीला द्याव्यात. वन रूम किचनमध्ये हलगीची तालीम होत नाही. निगडीत पालिकेची संगीत अकादमी आहे, चिखलीत संत तुकारामांच्या नावानं संतपीठ उभं राहिलं आहे. तिथं ढोलकी, संबळ, हलगी शिकवायला पदवीधर शोधत बसू नये, ज्याच्या घरात ती वाजते त्याला गुरुजी म्हणून नेमावं. आळंदीत मृदंगाला जो मान मिळाला तो शिक्षणामुळे मिळाला. हलगीलाही तो मिळू शकतो.

नारायणगावासारखी काम ठरवायची एक जागाही या शहरात हवी. आज गोंधळी हवा तर कोणाच्या तरी मेहुण्याकडून नंबर मिळवावा लागतो, मधला माणूस त्याचा वाटा काढतो आणि वादकाला बिदागी किती ठरली होती तेही कळत नाही. नाशिक फाट्याजवळ किंवा भोसरीत एक बारमाही कार्यालय असावं, जिथं संचांची नोंद आहे, जिथं मंडळाचा कार्यकर्ता, लग्नघरचा माणूस, चाळ कमिटीचा सेक्रेटरी येऊन समोरासमोर बोलतो, ऐकतो, सुपारी देतो. हे मोबाइल ॲपवर होईल असं काही जण म्हणतात. ॲप असू द्यावं, पण या धंद्यात माणूस वाजवताना ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही आणि नारळ हातात पडल्याशिवाय तारीख पक्की होत नाही.

पैसे देण्याबद्दलही एक नियम हवा. शासकीय किंवा पालिकेच्या कार्यक्रमाचं बिल संचप्रमुखाच्या नावानं निघतं, मग मागं उभ्या असलेल्या तुणतुणेवाल्याला, झीलकऱ्याला, सुरत्याला काय मिळालं याची कुठं नोंद नसते. कार्यक्रमाच्या करारात प्रत्येक साथीदाराचं नाव आणि त्याची बिदागी लिहिलेली असावी आणि ती त्याच्या स्वतःच्या खात्यात, पंधरा दिवसांच्या आत जमा व्हावी. बँकेत अशी नोंद वर्षभर दिसली तर त्या ढोलकीवाल्याला घरभाड्याचा करार करता येईल, दुचाकीचं कर्ज मिळेल, मुलाला शाळेत घालताना फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘वादक’ असा लिहिता येईल, आणि पुढच्या हंगामाआधी फडमालक उचल देऊ लागला तर तो नाही म्हणू शकेल.